आंबट-काळ्या द्राक्षाच्या चार बाटल्या

क्सिनोमाव्रो हे उत्तर ग्रीसमधल्या एका देशी काळ्या द्राक्षाचे नाव असून त्याचा शब्दशः अर्थ 'आंबट-काळे' असा होतो. ज्या मालाच्या नावातच आंबटपणा आहे, तो माल त्याच नावाने विकणाऱ्यांच्या धैर्याचे संत्र्याचा बागायतदार या नात्याने मला पहिल्यापासून कौतुक वाटत आले आहे. कारण आमच्या वरूडच्या बाजारात व्यापाऱ्याने फोड तोंडात टाकून 'आंबट आहे' एवढे दोन शब्द उच्चारले की सौदा तिथेच मोडतो. गेल्या वर्षभरात या द्राक्षाच्या वाइनच्या चार बाटल्या आमच्या घरी आल्या. त्यांतल्या तीन आम्ही प्यायलो आणि एक माझ्या मूर्खपणामुळे वाया गेली. त्या चारींचा हा हिशेब आहे.

बाटल्या कशा आल्या हे आधी सांगितले पाहिजे, कारण नागपूर आणि अमरावतीच्या दुकानांत मी विचारून पाहिले तेव्हा दुकानदारांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकले होते. माझा पुतण्या मालवाहू जहाजावर नोकरीला आहे आणि त्याच्या जहाजाचा मुक्काम ग्रीसच्या बंदरात वारंवार पडतो. परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्क न भरता आणता येते. म्हणजे ७५० मिलीलिटरच्या दोन बाटल्या आणि वर थोडी रिकामी जागा. तो दोनदा सुट्टीवर आला आणि दोन्ही वेळा दोन-दोन बाटल्या घेऊन मुंबईहून रेल्वेने बडनेऱ्याला उतरला. तो पुढे सासुरवाडीला वर्ध्याला जाणार होता, परंतु सेवाग्रामच्या त्या जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे बाटल्या आमच्याकडेच उतरवून जाणे त्याला भाग होते. माझ्यापाशी पिण्याचा परवाना आहे, हेही इथेच नोंदवून ठेवतो. आमच्या राज्यात तो लागतो, ही गोष्ट पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते.

आमच्या भागात मद्य म्हटले की देशीची बाटली किंवा मेळघाटाच्या बाजूची मोहाची, एवढ्या दोनच गोष्टी माणसाच्या डोळ्यांपुढे येतात आणि दोन्हींच्या बाबतीत चव हा चर्चेचा विषय नसतो; किती चढते एवढेच विचारले जाते. आमच्या आईचे मत तर याहून सरळ आहे. नाव काही असो, बाटली कोणत्याही देशाची असो, दारू ती दारूच, असे ती म्हणते आणि दारूपायी उजाड झालेली घरे तिने गावात पाहिलेली असल्यामुळे तिच्याशी वाद घालण्याचा मला अधिकार वाटत नाही. मी फक्त एवढेच ठरवले की ही वाइन जेवणाबरोबरच, चौघांत एक बाटली अशा मापाने घ्यायची. हा नियम नैतिक कारणासाठी केला होता, पण या द्राक्षाच्या बाबतीत तो चवीच्या दृष्टीनेही एकमेव योग्य नियम आहे, हे पुढे कळले.

या द्राक्षाचे मुख्य गाव नाउसा. ग्रीसच्या मॅसेडोनिया प्रांतात दोन हजार मीटरहून उंच असा वेर्मिओ पर्वत आहे, त्याच्या पूर्वेकडच्या उतारावर हे गाव वसले आहे आणि हिवाळ्यात त्या पर्वतावर बर्फ पडते. पुतण्याने दाखवलेल्या छायाचित्रांत मला द्राक्षवेलींइतक्याच, किंबहुना जास्तच, पीचच्या बागा दिसल्या. नाउसाचे पीच युरोपात त्याच गावाच्या नावाने, कायद्याच्या संरक्षणाखाली विकले जातात. आपल्या नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच जातीची ही व्यवस्था आहे. याहून मोठे आश्चर्य म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तुर्की अमलाखाली असताना, याच गावात अरापित्सा नदीच्या पडत्या पाण्याच्या जोरावर कापसाच्या सूतगिरण्या उभ्या राहिल्या होत्या. युरोपीय संघात पिकणाऱ्या कापसाचा बहुतांश वाटा आजही ग्रीसचाच असतो. फळबागा, कापूस आणि बंद पडलेल्या गिरण्या हे वर्णन वऱ्हाडातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावाला चालेल. त्यामुळे बाटलीवरचे परके अक्षर पाहून वाटणारा दुरावा माझ्यापुरता तरी बराच कमी झाला.

क्सिनोमाव्रोच्या वाइनसाठी ग्रीसमध्ये चार प्रदेशांची नावे कायद्याने राखलेली आहेत. नाउसा आणि राप्सानी यांना १९७१ मध्ये, अमिंदेओला १९७२ मध्ये आणि गुमेनिसाला १९७९ मध्ये ही मान्यता मिळाली. नाउसाच्या नावाने विकायच्या वाइनमध्ये क्सिनोमाव्रोशिवाय दुसरे द्राक्ष चालत नाही. गुमेनिसात त्याच्या जोडीला नेगोस्का नावाचे मऊ स्वभावाचे द्राक्ष घालतात आणि राप्सानीत, म्हणजे ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याशी, क्रासातो आणि स्तावरोतो अशी दोन द्राक्षे त्याच्या सोबत असतात. आमच्या चारही बाटल्या निव्वळ क्सिनोमाव्रोच्या होत्या. पहिल्या तीन नाउसाच्या परिसरातल्या आणि चौथी अमिंदेओची.

द्राक्षाचा स्वभाव समजल्याशिवाय वाइनचा न्याय करता येत नाही, म्हणून थोडे त्याविषयी. ही वेल फार जोमाची आहे आणि मोकळी सोडली तर भरमसाट घड धरते. तसे झाले की रस पातळ होतो, रंग फिका पडतो आणि आंबटपणा तेवढा शिल्लक राहतो. संत्र्याच्या झाडावर फळे जास्त ठेवली की काय होते, हे ज्याने एकदा भोगले आहे त्याला याचे स्पष्टीकरण लागणार नाही. आम्ही जसा आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, झाडाला पाण्याचा ताण देतो, तसे तिथले चांगले बागाईतदार वेलीला हलक्या जमिनीत ठेवतात, छाटणी कडक करतात आणि हिरवे घड उतरवून टाकतात. द्राक्ष उशिरा पिकते. तोड सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरात जाते आणि तोवर रात्री थंड झालेल्या असतात. थंडीत पिकलेल्या फळात आम्लता टिकते. आमच्या नाशिकच्या वाइनच्या बाबतीत नेमके उलट घडते, कारण तिथली तोड जानेवारीपासून पुढे चढत्या उन्हात होते, साखर झपाट्याने वाढते आणि आम्लता उतरते. त्यामुळे नाशिकची लाल वाइन बहुधा मऊ, भरलेली आणि पिकल्या जांभळासारखी लागते. ती चव वाईट नाही. पण ती चव म्हणजेच लाल वाइन अशी समजूत करून घेतलेल्या माणसाने क्सिनोमाव्रोचा पहिला घोट घेतला तर तो नक्की तोंड वाकडे करील.

शिवाय या द्राक्षाच्या सालीत रंग कमी आणि टॅनिन, म्हणजे तोंड आवळून टाकणारा तुरटपणा, भरपूर असतो. नावात 'काळे' असूनही पेल्यात वाइन काळी दिसत नाही. ती डाळिंबाच्या रसासारखी आरपार दिसते आणि चार-पाच वर्षांत तिच्या कडेला भाजलेल्या विटेचा रंग येऊ लागतो. दर्दी लोक तिची तुलना इटलीतल्या नेबिओलो या द्राक्षाशी करतात, कारण फिका रंग, करकरीत आम्लता आणि दणकट तुरटपणा हा संच दोघांतही सारखा आहे. नेबिओलोची वाइन मी चाखलेली नसल्यामुळे माझ्या उपमा मला घरूनच काढाव्या लागल्या आणि शेजाऱ्याने त्या कामी माझी मोठी मदत केली.

पहिली बाटली थिमिओपुलोस यांची, 'कोवळ्या वेलींची' म्हणून विकली जाणारी. अपोस्तोलोस थिमिओपुलोस यांचे घराणे नाउसाजवळच्या त्रिलोफोस गावचे. घरची द्राक्षे दुसऱ्यांना विकण्याऐवजी आपण स्वतःच वाइन करावी, हा निर्णय त्यांच्या पिढीत झाला आणि रासायनिक खते-औषधे टाळून शेती करण्याविषयी त्यांचा लौकिक आहे. मार्च महिन्यात, होळीनंतर आठवड्याभरात, आम्ही ही बाटली उघडली. सोबत ज्वारीची भाकर, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि पातीचा कांदा होता. शेजारच्या बागायतदारांनी पहिला घोट घेतला, थोडा वेळ भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, हे तं अंबाडीच्या बोंडाचं पाणी हाय, साखर टाकाची राह्यली." वाइनवर लिहिणाऱ्या तज्ज्ञांनी स्ट्रॉबेरी, लाल चेरी वगैरे जी काही फळे या वाइनमध्ये शोधली आहेत, त्या सगळ्यांपेक्षा लाल अंबाडीच्या बोंडांची ही उपमा मला अधिक नेमकी वाटते, कारण तिच्यात रंग, आंबटपणा आणि मागाहून जिभेवर राहणारी कोरड या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

भरिताबरोबर दुसरा घोट घेतल्यावर मात्र त्यांचे मत बदलले, निदान त्यांनी पेला पुढे केला. भाजलेल्या वांग्याचा धूर, तेलाचा ओलावा आणि भाकरीचा कोरडा गोडवा यांच्यात ही वाइन एखाद्या पातळ चटणीसारखी वागली. प्रत्येक घोटाने तोंड धुऊन निघाले आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागला. या बाटलीत तुरटपणा बेताचा आहे, लाकडाचा वास जवळजवळ जाणवत नाही, ताजे फळ पुढे आहे आणि ती उघडल्याबरोबर पिता येते. ज्याने हे द्राक्ष कधी चाखलेले नाही त्याने इथूनच सुरुवात करावी. तिच्यात खोली फार नाही, हा दोष म्हणायचा तर म्हणता येईल. मला तो दोष वाटला नाही, कारण तिने तसा दावाही केलेला नाही.

दुसऱ्या बाटलीचे नाव मी सांगणार नाही. तिला झालेल्या अपायात बनवणाऱ्याचा काडीचाही वाटा नव्हता आणि वाचकाच्या मनात त्या नावाबद्दल उगाच किंतू राहायला नको. नाउसाची चांगली वाइन दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ, बाटलीत सुधारत जाते, असे वाचून मीही ती साठवायची ठरवली आणि आमच्या माडीवरच्या टिनाच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, उभी ठेवून दिली. वाइन साठवण्याविषयी जे जे करू नये म्हणतात, ते सर्व मी त्या एका कृतीत केले. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि टिनाखाली तो किती जात असेल याची कल्पना करावी. जूनमध्ये कपाट उघडले तेव्हा बूच अर्धा बोटभर वर सरकलेले होते आणि लेबलावरून चिकट ओघळ उतरून खाली वाळला होता. आतली वाइन तपकिरी झाली होती, तिला शिजलेल्या मनुकांचा आणि काकवीचा वास येत होता, आणि गंमत अशी की फळ पार निघून गेले तरी आंबटपणा जागचा तसूभरही हलला नव्हता. ती मोरीत ओतताना आईने काही म्हटले नाही, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान होते.

त्यानंतरच्या दोन बाटल्या दिवाळीनंतर आल्या आणि त्या मी जुन्या घरातल्या मातीच्या भिंतींच्या माजघरात, ओल्या पोत्याखाली आडव्या ठेवल्या. विदर्भात राहून अशी वाइन आणणाऱ्याने ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत संपवावी, हे उत्तम. उन्हाळा काढायचाच असेल तर शीतकपाटाच्या खालच्या कप्प्याशिवाय पर्याय नाही आणि पिण्यापूर्वी अर्धा तास तरी बाहेर काढून ठेवली पाहिजे, कारण फार गार असताना तिचा तुरटपणा अंगावर येतो. सोळा ते अठरा अंश हे तिला मानवणारे तापमान आहे; आमच्याकडे जानेवारीच्या संध्याकाळी शेतातल्या हवेत ते आपोआप मिळते.

तिसरी बाटली किर-यान्नी यांची 'राम्निस्ता'. 'किर' हे ग्रीकमध्ये आदराने हाक मारण्याचे संबोधन आहे, तेव्हा कंपनीच्या नावाचे मराठी 'यान्नीराव' असे करायला हरकत नसावी. हे यान्नीराव म्हणजे यान्नीस बुतारीस. त्यांच्या घराण्याने १८७९ पासून नाउसात वाइनचा व्यवसाय चालवला आणि बुतारी हे नाव ग्रीसभर नेले. नाउसाच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी द्राक्ष मोडून फळबागा लावल्या असताना त्यांनी यानाकोहोरी या ठिकाणी क्सिनोमाव्रोची नवी लागवड करवली आणि १९९७ मध्ये घरच्या कंपनीतून वेगळे होऊन त्याच मळ्यावर स्वतःची वाइनरी उभी केली. उतारवयात ते २०११ ते २०१९ या काळात थेसालोनिकी शहराचे महापौर होते, अस्वलांच्या रक्षणासाठी त्यांनी संस्था काढली आणि २०२४ मध्ये ते वारले. भावकीतून वेगळे होऊन वाट्याला आलेल्या जमिनीवर नव्याने उभा राहिलेला माणूस आमच्याकडे प्रत्येक गावात एखादा तरी असतो. त्यामुळे ही बाटली उघडताना मनात आधीच थोडा पक्षपात होता, हे मी कबूल करतो.

ती आम्ही दोन वेगवेगळ्या जेवणांसोबत, एकाच दिवशी पाहिली. दुपारी सावजी पद्धतीचे मटण होते, कारण लाल वाइन म्हटली की मटण असा सर्वांचाच आग्रह पडला. हा प्रयोग साफ फसला. राम्निस्ता ओकच्या पिंपात मुरवलेली, अंगाने दणकट वाइन आहे. तिचा तुरटपणा आणि सावजी तर्रीचा जाळ यांची गाठ पडताच दोघांनी एकमेकांना भडकवले, तोंडात नुसती आग राहिली आणि वाइनची चव म्हणून काही उरले नाही. टॅनिन हे लाळेतल्या प्रथिनांना धरते म्हणून तोंड कोरडे पडते. त्यावर तिखट आणि मद्य यांचा दाह चढला की जीभ बिचारी काय चाखणार? ग्रीक वाइनसोबत सावजी खाण्याची कल्पना ज्यांना मोहक वाटते त्यांनी ती मनातून काढून टाकावी. सावजीला ताकच बरे.

बाटलीत अर्ध्याहून जास्त वाइन शिल्लक होती. संध्याकाळी शेतात रोडग्यांचा बेत होता. इथे एक खुलासा करतो की हे रोडगे मारुतीच्या नैवेद्याचे नव्हते. त्या दिवशी बाटलीला आमच्या शेतात प्रवेश नसतो. हा हुरड्याच्या दिवसांतला साधा घरचा बेत होता. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजून, राख झटकून, फोडून तुपात बुडवलेले. सोबत तुरीचे घट्ट वरण आणि टमाटे घालून मोठ्या गंजात शिजवलेली वांग्याची भाजी, तिखट बेताचे. दुपारपासून उघडी असलेली वाइन तोवर चार तास हवेत राहिली होती आणि तिने रूप पालटले होते. दुपारी जो लाकडाचा वास पुढे पुढे करत होता तो मागे बसला आणि उन्हात वाळवलेल्या टमाट्यांचा वास वर आला. क्सिनोमाव्रोची ही प्रसिद्ध खूण आहे आणि ती मला पुस्तकी वाटत आली होती, परंतु समोर गंजात टमाटे शिजत असताना एकाच वेळी दोन्हीकडून तो वास आल्यावर शंकेला जागा उरली नाही. त्यामागे वाळलेल्या आलुबुखाऱ्याचा गोडसर वास होता आणि सर्वांत शेवटी काहीतरी खारट-मुरलेले. तज्ज्ञ त्याला ऑलिव्ह म्हणतात. मला मात्र आईच्या बरणीतल्या तीन वर्षांच्या लिंबाच्या लोणच्याची आठवण झाली.

आणि तूप! रोडग्यातल्या तुपाने त्या तुरटपणाला असे काही वळण लावले की दुपारची भांडखोर वाइन संध्याकाळी शहाण्यासारखी बसली. स्निग्ध पदार्थ तोंडात असला की टॅनिनची धार बोथट होते, आणि वाइनमधल्या आम्लतेने तुपाचा जडपणा कापला जातो; दोघांची ही देवाणघेवाण घासागणिक चालू राहते. आम्ही एरवी रोडग्याबरोबर लिंबू पिळतो किंवा कच्चा कांदा खातो तो याच कामासाठी. ग्रीसच्या त्या भागात कोकराचे भाजलेले मांस आणि चीज यांच्यासोबत ही वाइन पितात, म्हणजे चरबी आणि आर त्यांच्याकडेही आहेच. माझे मत विचाराल तर राम्निस्ता ही चारांतली सर्वांत पूर्ण वाइन आहे, मात्र दोन अटींवर: पिण्यापूर्वी किमान दोन तास ती उघडून, शक्य असेल तर रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवावी, आणि जेवणाशिवाय तिला हात लावू नये. नुसती प्यायला बसणाऱ्या माणसाला ती उद्धट वाटेल. आणखी एक बारीक गोष्ट, पेला काचेचाच घ्यावा. आमच्या एका पाहुण्यांनी सवयीने स्टीलचा घेतला आणि विटकरी कडेचा तो सुंदर रंग त्यांना दिसलाच नाही.

चौथी बाटली अमिंदेओची, अल्फा इस्टेट यांच्या 'हेजहॉग' मळ्यातली. हेजहॉग म्हणजे अंगभर काटे असलेला एक छोटा प्राणी. तो त्या मळ्यात आढळतो म्हणून मळ्याला त्याचे नाव दिले आहे. आमच्या मळ्याला प्राण्यावरून नाव द्यायचे ठरवले तर रानडुकराशिवाय दुसरा उमेदवार नाही, आणि त्या नावाची बाटली कोण विकत घेईल, हा प्रश्नच आहे. अल्फा इस्टेट ही वाइनरी १९९७ मध्ये माकिस माव्रिदिस हे द्राक्षतज्ज्ञ आणि आंगेलोस यात्रिदिस हे वाइनतज्ज्ञ या दोघांनी स्थापन केली.

अमिंदेओ हे वेर्मिओ पर्वताच्या दुसऱ्या, पश्चिमेकडच्या अंगाला असलेले पठार आहे. उंची सुमारे सहाशे ते सातशे मीटर, भोवती तळी, आणि हवा ग्रीसमधल्या द्राक्षप्रदेशांत सर्वांत थंड म्हणावी अशी. इतक्या थंड जागी या द्राक्षाची आम्लता इतकी टिकते की तिथे त्याच्यापासून फिकट गुलाबी आणि फेसाळती वाइनही करतात. परंतु मला रस वाटला तो तिथल्या जमिनीत, कारण ती रेताड आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या सूक्ष्म किडीने युरोपातल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या आणि तेव्हापासून युरोपीय वेलीचा डोळा अमेरिकी खुंटावर बांधावा लागतो. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, ती हीच विद्या आहे. रेतीत मात्र ती कीड नीट फिरू शकत नाही. म्हणून अमिंदेओत काही जुन्या वेली अजूनही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत आणि याच अल्फा इस्टेटकडे १९१९ मध्ये लावलेल्या, कलम न केलेल्या वेलींचा एक तुकडा असून त्याची वाइन ते वेगळी बाटलीबंद करतात. आमच्याकडे डिंक्या रोगाने वीस वर्षांच्या आत संत्र्याचे झाड वाळते तेव्हा शेतकरी नशिबाला दोष देतो. शंभर वर्षांची फळ देणारी वेल ही गोष्ट वाचून मी ती बाटली थोडा वेळ नुसती हातात धरून बसलो होतो. आमची बाटली त्या जुन्या वेलींची नव्हती, हेही खरे.

हेजहॉगची वाइन राम्निस्तापेक्षा अंगाने सडपातळ आहे. रंग किंचित जास्त गडद, तुरटपणा बारीक दाण्याचा, आणि वासात फळाच्या आधी काहीतरी हिरवे-ओले येते. पाणी दिल्यावर संत्र्याच्या वाफ्यातून सकाळी येतो त्या जातीचे. पहिल्या दिवशी ती मला थोडी अबोल वाटली. पाटवडीच्या रश्शाबरोबर तिचे फारसे जमले नाही, कारण रस्सा झणझणीत होता आणि सावजीचा धडा मी आठवड्याभरातच विसरलो होतो. उरलेली अर्धी बाटली बूच लावून माजघरात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडीची भाजी आणि भाकर होती. तिच्यावर लसणाची तेलातली फोडणी. आंबट भाजीबरोबर गोडसर वाइन दिली तर वाइन बेचव आणि पाणचट लागते, हे मी नाशिकच्या एका बाटलीबाबत पूर्वी अनुभवले होते. इथे भाजी आंबट आणि वाइनही आंबट, त्यामुळे दोघींपैकी कुणीही दबली नाही, उलट वाइनमधले फळ पहिल्यांदाच मोकळेपणी बाहेर आले. शेजाऱ्यांना मी मुद्दाम बोलावले होते. अंबाडीच्या बोंडाची उपमा त्यांचीच असल्यामुळे भाजी पाहून त्यांना आपल्या दूरदृष्टीचा अभिमान वाटला.

किमतीविषयी बोलणे अवघड आहे, कारण या बाटल्या भेट म्हणून आल्या होत्या आणि भेटीची किंमत विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही. आयात वाइनवर आपल्या देशात अनेक वर्षे दीडशे टक्क्यांपर्यंत सीमाशुल्क लागत आले आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या एखाद्या मोठ्या दुकानात ही वाइन दिसली तरी ग्रीसमधल्या भावाशी तिची तुलना करून मन खट्टू करून घेऊ नये. परदेशी जाणारे कुणी घरात असेल तर त्याच्याकरवी आणणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. एकच बाटली मागवायची असेल तर कोवळ्या वेलींची मागवावी. दोन मागवता आल्या तर दुसरी राम्निस्ता असावी आणि ती रोडग्यांच्या दिवसासाठी राखून ठेवावी. हेजहॉग त्यांच्यासाठी, ज्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहण्याचा धीर आहे. ज्यांना वाइन गोड लागायला हवी असते, त्यांनी या द्राक्षाच्या वाटेला जाऊ नये. पेल्यात साखर घालून पाहण्याचा प्रयोग आमच्या एका आप्ताने केला आणि तो पेला कुणालाच संपवता आला नाही.

पुतण्या आता पुन्हा जहाजावर आहे. या खेपेला मी त्याला राप्सानीची बाटली आणायला सांगितली आहे, कारण राप्सानी ज्या थेसाली प्रांतात येते तिथल्या मैदानात कापूस पिकतो, आणि क्सिनोमाव्रोच्या आंबटपणाला तिथली दुसरी दोन द्राक्षे कितपत मऊ करतात हे मला पाहायचे आहे. त्याची सुट्टी एप्रिलमध्ये पडते आहे. त्यामुळे माजघरातला पोत्याखालचा कोपरा आत्तापासूनच रिकामा करून ठेवला असून, शीतकपाटाचा खालचा कप्पा दोन महिने मिळावा असा अर्ज आईकडे दिला आहे. त्यावर अजून निर्णय झालेला नाही.